नर्सिंगचा अभ्यास, घर आणि शनिवारी संध्याकाळी लागणारी ड्युटी लिस्ट : माझा अनुभव

नर्सिंग करतेय म्हटलं की लोक पहिलं हेच विचारायचे, एवढा अभ्यास आणि घरी लहान मूल, जमतं कसं? अभ्यास प्रचंड असतो हे खरंच आहे. ॲनॅटॉमी, फिजिऑलॉजी, मायक्रो, फार्मा, मेडिकल सर्जिकल, त्यावर वॉर्डातले तास, केअर प्लॅन (एकेका पेशंटच्या काळजीचा लेखी आराखडा), लॉगबुक (वॉर्डात केलेल्या कामाची सह्यांची वही). पण माझ्या घराची आणि अभ्यासाची जी ओढाताण झाली ती पुस्तकांमुळे फार कमी झाली, ती झाली ड्युटी लिस्टमुळे. कोर्स पूर्ण झाला, सगळं पार पडलं, तरी त्या लिस्टची चीड अजून डोक्यातून गेलेली नाही म्हणून सविस्तर लिहितेय. नव्याने ॲडमिशन घेणाऱ्यांना, त्यातही ज्यांना लग्न, मूल, म्हातारे आईवडील असं काही सांभाळून शिकायचंय त्यांना उपयोग होईल.

पहिलं वर्ष काही अडचण नव्हती. लेक्चर ठरलेल्या वेळी, घर ठरलेल्या वेळी. पहाटे ४:३० ते ६ माझा अभ्यास, संध्याकाळी ७ ते ८:३० मुलीचे, त्या दीड तासात फोनसुद्धा दुसऱ्या खोलीत. ती झोपली की परत तासभर. ही वेळ मी घरात सगळ्यांना स्पष्ट सांगून ठेवली होती आणि हे फार कामाला आलं. 'अभ्यास झाला की येते' असं घरच्यांना कधी सांगू नका, कारण नर्सिंगचा अभ्यास कधी 'होत' नाही. त्यापेक्षा 'सातला येते' सांगा आणि सातला पुस्तक मिटून खरंच या. दोनचार आठवड्यांत घरचे मध्ये मध्ये हाक मारणं आपोआप बंद करतात कारण त्यांना माहीत असतं ही येणार.

अभ्यासाची पद्धत माझी एकच, पुस्तक बंद करून आठवायचं. एक टॉपिक वाचला की कोऱ्या कागदावर जे आठवेल ते लिहायचं, मग उघडून बघायचं काय राहिलं. २००६ साली रोडिगर आणि कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी हेच तपासलं होतं. ज्यांनी धडा पुन्हा पुन्हा वाचला त्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवत होतं, पण आठवड्याने बघितलं तर ज्यांनी स्वतःची परीक्षा घेतली होती ते पुढे होते. आपली परीक्षा आणि आपला पेशंट दोन्ही पाच मिनिटांनी येत नाहीत. आणि फार्मासाठी, म्हणजे औषधांच्या विषयासाठी, औषधं सुटी सुटी पाठ करू नका, गट धरा. नावाच्या शेवटी 'ओलॉल' आलं की बीटा ब्लॉकर (हृदयाचे ठोके आणि बीपी कमी करणारं औषध), म्हणजे द्यायच्या आधी पल्स आणि बीपी बघायचं. शेवटी 'प्रिल' आलं की एसीई इनहिबिटर (हेही बीपीचं औषध), कोरडा खोकला विचारायचा, पोटॅशियमवर लक्ष. एक गट नीट समजला की दहा औषधं एकदम खिशात येतात आणि त्या वाचलेल्या वेळात मुलीला झोपवता येतं.

आता मुख्य गोष्ट. वॉर्ड पोस्टिंग नियमित सुरू झाल्यावर आमच्याकडे ड्युटी लिस्ट आठवड्याची असायची, सोमवार ते रविवार. मॉर्निंग सातला, इव्हिनिंग दोनला, नाइट रात्री नऊला. आणि ही लिस्ट बोर्डावर लागायची शनिवारी संध्याकाळी सहाच्या सुमारास. म्हणजे सोमवारी सकाळी सातला मी वॉर्डात असणार की घरी, हे मला शनिवारी दिवेलागणीला कळणार. मुलीला शाळेतून कोण आणणार, नवऱ्याने ऑफिसात कुठल्या दिवशी लवकर निघायचं सांगायचं, सासूबाईंची डॉक्टरची अपॉइंटमेंट कधीची घ्यायची, यातलं काहीच शनिवारच्या आधी ठरवता यायचं नाही. पहाटेच्या अभ्यासाचंही तेच, नाइट लागली की पहाटे साडेचारला मी वॉर्डात सँपल काढत असणार, तो सगळा अभ्यास दुसरीकडे हलवावा लागणार. अभ्यासाचे तास मोठे असले तरी ते कधी आहेत हे माहीत असेल तर घर त्याच्याभोवती बसवता येतं हो, पण माहीतच नसेल तर काय बसवणार?

बरं, ड्युटी बदलून घ्यायची सोय नव्हती असं नाही. 'ड्युटी बदल अर्ज' नावाचा छापील फॉर्म होता. त्यावर जिच्याशी अदलाबदल करायची तिची सही, वॉर्ड इन्चार्ज सिस्टरची सही, वॉर्डात शिकवणाऱ्या क्लिनिकल इन्स्ट्रक्टरची सही, आणि मग तो ऑफिसच्या खिडकीवर द्यायचा. खिडकी ११ ते १ उघडी, रविवारी बंद. आणि नियम असा की अर्ज ड्युटीच्या ४८ तास आधी आला पाहिजे.

आता तुम्हीच हिशोब करा. लिस्ट शनिवारी संध्याकाळी ६ ला लागली. सोमवारची मॉर्निंग सकाळी ७ ला. मधले तास ३७. म्हणजे लिस्ट चिकटवत असतानाच तिथे उभं राहून अर्ज दिला तरी तो उशिराच ठरणार, आणि तेव्हा खिडकी बंद असतेच. खिडकी उघडणार सोमवारी ११ ला. तिथून बुधवारची सकाळ ४४ तासांवर. म्हणजे सोमवार, मंगळवार आणि बुधवारची मॉर्निंग, यातली एकही ड्युटी कुणालाही, कितीही खरं कारण असलं तरी, नियमाप्रमाणे बदलून घेताच येत नव्हती. त्यात ज्यांना मॉर्निंग असते त्या ११ ते १ वॉर्डात असतात, औषधं, ड्रेसिंग, राउंड, आणि ज्या नाइट करून आल्यात त्या झोपलेल्या असतात. मग खिडकीवर जायचं कुणी?

मुलीला ताप होता तेव्हा मी हा फॉर्म पहिल्यांदा भरला. मैत्रीण बदलायला तयार, इन्चार्ज सिस्टरनी लगेच सही दिली, वर 'जा गं, लेकराकडे बघ' म्हणाल्या. इन्स्ट्रक्टर मॅडमची सही मिळाली. खिडकीवर मात्र उत्तर एकच, ४८ तास झाले नाहीत. मी म्हटलं लिस्टच ४८ तास आधी लागत नाही तर अर्ज कसा येणार? उत्तर, पद्धत आहे. पुढच्या वेळी परत तेच, फक्त माणूस वेगळा. पेशंटचं काही अडत नव्हतं, वॉर्डात माणसं तेवढीच राहणार होती, एकीच्या जागी दुसरी येणार होती. तरीही नाही. मला सगळ्यात राग याचा यायचा की ज्या कोर्समध्ये आम्हाला पहिल्या दिवसापासून शिकवतात की आधी माहिती घ्या, मग नियोजन करा, मग कृती करा, आणि शेवटी उपयोग झाला का ते तपासा, तिथे आमच्या स्वतःच्या आठवड्याचं नियोजन करायला माहितीच हातात देत नव्हते.

मी चिडून बसले नाही. आधी कारण शोधलं. ऑफिसचं म्हणणं होतं की वॉर्डांकडून विद्यार्थ्यांची संख्या उशिरा कळते म्हणून लिस्ट उशिरा लागते. म्हणून मी प्रत्येक वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरना, हँडओव्हर (पुढच्या पाळीला पेशंट सोपवणं) झाल्यावर, निवांत वेळ बघून विचारलं की तुमच्याकडे किती विद्यार्थी चालतात हे तुम्ही कधी ठरवता. सगळीकडून उत्तर जवळपास सारखं, आकडा पूर्ण रोटेशनसाठी, म्हणजे त्या वॉर्डातल्या सगळ्या पोस्टिंगसाठी, एकच असतो, दर आठवड्याला बदलत नाही. म्हणजे थांबायचं कारणच नव्हतं! मग बॅचमधल्या सगळ्यांना गोळा केलं, एका पानाचा अर्ज लिहिला. त्यात रडगाणं अजिबात नाही, फक्त तासांचा तक्ता, लिस्ट कधी लागते, खिडकी कधी उघडते, कुठली ड्युटी किती तासांवर. आणि खाली दोन मागण्या. लिस्ट गुरुवारी दुपारपर्यंत लावा, नंतर बदल झाला तर लाल पेनाने करा. आणि अर्ज खिडकीऐवजी वॉर्डात इन्स्ट्रक्टर मॅडमकडे देता यावा. सगळ्यांच्या सह्या घेतल्या आणि पोच म्हणून आमच्या प्रतीवर शिक्का मारून घेतला. शिक्का घ्याच, त्याशिवाय कागद दिलाय हे कुणी मान्य करत नाही.

उत्तर यायला सेमिस्टरचा बराचसा भाग गेला. मध्ये दोनदा स्मरणपत्र द्यावं लागलं. पण शेवटी एका गुरुवारी दुपारी लिस्ट बोर्डावर दिसली आणि खरं सांगते, मला फायनलचा निकाल लागल्यावर जेवढा आनंद झाला त्यापेक्षा कमी नव्हता तो. इन्स्ट्रक्टर मॅडमकडे अर्ज देण्याचंही मान्य झालं. ४८ तासांचा नियम तसाच राहिला आणि राहू दे, आता तो पाळता येतो.

ज्यांच्याकडे अजून लिस्ट उशिरा लागते त्यांच्यासाठी, तोपर्यंत आम्ही काय केलं ते सांगते. मी आठवड्याचे तीन कागद आधीच लिहून ठेवले होते, मॉर्निंगचा आठवडा, इव्हिनिंगचा, नाइटचा. प्रत्येकात माझी झोप, अभ्यास, मुलीचं आणणं-सोडणं, घरातलं कुणाकडे काय, सगळं. लिस्ट लागली की त्यातला एक काढून फ्रिजवर लावायचा, चर्चा शून्य. नवऱ्याला आणि सासूबाईंना तो कागद वाचून सगळं कळायचं. ड्युट्या मिसळलेल्या असतील तर तेवढे दिवस त्या त्या कागदावरून उतरवायचे. दुसरं म्हणजे बॅचमध्ये आधीच जोडीदार ठरवून ठेवा, जिच्या अडचणीचे वार तुमच्यापेक्षा वेगळे आहेत अशी. ऐनवेळी ग्रुपवर 'कुणी बदलून देईल का' टाकलं की कुणी बघत नाही.

नाइटवरून आल्यावर नवीन धडा उघडायचा नाही हा मी कडक नियम ठेवला होता. १९९७ साली डॉसन आणि रीड यांनी 'नेचर'मध्ये दाखवलं होतं की सलग १७ तास जागं राहिल्यावर माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखी घसरते. त्या डोक्याने वाचलेलं राहतही नाही आणि झोप गेली की पुढची नाइट पेशंटच्या जिवावर. आधी झोप, मग जे आधी वाचलंय त्याचे पाचसहा प्रश्न स्वतःला विचारायचे, बस. त्या आठवड्यात मुलीचे दीड तास मात्र मोडले नाहीत, नाइटला निघायच्या आधी ते व्हायचेच.

अरे हो, डोसची आणि ड्रिपची गणितं. ही रोज दोनच करा पण रोज करा. १००० मिली ८ तासांत द्यायचंय, सेटचा ड्रॉप फॅक्टर १५ (म्हणजे एका मिलीचे १५ थेंब), तर १००० गुणिले १५ भागिले ४८० मिनिटं, ३१.२५, म्हणजे मिनिटाला ३१ थेंब. परीक्षेच्या आदल्या रात्री पन्नास गणितं करत बसण्यापेक्षा हे कितीतरी बरं, आणि ती रात्र घरच्यांबरोबर मिळते. केअर प्लॅन त्याच दिवशी वॉर्डातून निघायच्या आधी कच्चा लिहा, पेशंट डोळ्यासमोर असताना वीस मिनिटं लागतात, घरी येऊन आठवत बसलं की संध्याकाळ गेलीच. पेशंटचं नाव मात्र त्या कच्च्या कागदावर लिहायचं नाही, आणि घरी वॉर्डातलं सांगतानाही नाव घ्यायचं नाही. लॉगबुकच्या सह्याही त्याच दिवशी घ्या, सिस्टरची ड्युटी बदलली की त्या एका सहीसाठी आठवडा जातो.

आमच्या मागच्या बॅचला मी त्या अर्जाची शिक्का मारलेली प्रत आणि दोन्ही स्मरणपत्रं फाइलला लावून दिलीत. लिस्ट परत शुक्रवारवर, शनिवारवर सरकायला लागली तर वाट बघू नका, त्याच आठवड्यात तारखेसकट लेखी द्या. तासांचा तक्ता तयार आहे, फक्त तारखा बदलायच्यात.