रॉटरडॅम: पाण्यावरून आणि पाण्याखालून

'अ‍ॅमस्टरडॅम सोडून रॉटरडॅमला कशाला जाताय? तिथे जुनं काही उरलेलंच नाही,' हे निघण्याआधी आम्हाला तिघांनी ऐकवलं. बोलणं खोटं नाही. १४ मे १९४० ला जर्मन विमानांनी पाव तासात गावाचा मध्यभाग बेचिराख केला, सुमारे ८०,००० माणसं बेघर झाली. आग कुठवर पोचली होती ती हद्द आज फुटपाथमध्ये बसवलेल्या लाल दिव्यांनी दाखवली आहे. संध्याकाळी बाहेर पडलात तर खाली बघत चाला. पण सायकलींच्या लाल पट्ट्यावर नको, तिथे कोणी दयामाया दाखवत नाही.

अ‍ॅमस्टरडॅमच्या स्किफोल विमानतळावरून जलद गाडीने अर्धा तास लागतो. ट्राम आणि मेट्रोला वेगळं तिकीट काढायची गरज नाही, कॉन्टॅक्टलेस व्हिसा किंवा मास्टरकार्ड चालतं. मात्र चढताना टेकवलेलं कार्ड उतरतानाही टेकवायचं. पहिल्याच दिवशी मी ट्राममधून गप्पा मारत उतरले आणि जास्तीचे पैसे भरून शहाणी झाले. आणि प्रत्येकाचं कार्ड वेगळं हवं; नवराबायकोत एक कार्ड चालत नाही.

ब्लाक स्टेशनाबाहेर पीट ब्लॉमची तिरकी पिवळी घनाकृती घरं (१९८४) आणि घोड्याच्या नालेच्या आकाराचा, छताखालचा बाजार मार्क्टहाल (२०१४) समोरासमोर आहेत. एक घर तिकीट काढून आतून बघता येतं. भिंती इतक्या कललेल्या की कपाट कुठे ठेवत असतील हाच प्रश्न पडतो. मार्क्टहालचं छत मान मोडेस्तोवर बघा. जेवण तिथे महाग पडतं. मंगळवारी किंवा शनिवारी गेलात तर बाहेरच उघड्यावर मोठा बाजार भरतो, फळं तिथे घ्या.

पण मला विचाराल तर युरोमास्टच्या मनोऱ्यावर पैसे घालवण्याआधी मासटनेलमध्ये उतरा. फुकट आहे. मास नदीखालचा हा बोगदा १९४२ मध्ये, म्हणजे ऐन जर्मन अमलात सुरू झाला. मोटारींचा मार्ग वेगळा, सायकलवाल्यांचा वेगळा आणि चालणाऱ्यांचा त्याच्या खाली. उतरायला लाकडी पायऱ्यांचे सरकते जिने आहेत. माझ्यापुढे एक आजोबा सायकलचा ब्रेक दाबून, पुढचं चाक खालच्या पायरीवर टेकवून, दुसऱ्या हाताने खिशातलं सफरचंद काढून खात उभे होते. जिना जुन्या पाळण्यासारखा करकरत होता. खाली जवळजवळ सहाशे मीटर लांब, फिक्या टाइल्सची नळी. डोक्यावरून जहाजं जाताहेत हे मुद्दाम आठवावं लागतं.

पलीकडे निघून काटेनड्रेख्त या वस्तीपर्यंत चाला. एका जुन्या गोदामात २०२५ मध्ये फेनिक्स हे स्थलांतराचं संग्रहालय उघडलं आहे. जवळच्या पादचारी पुलावरून गेलं की हॉटेल न्यूयॉर्क. हे पूर्वी हॉलंड अमेरिका लाइन या जहाज कंपनीचं मुख्य कार्यालय होतं. युरोपातली हजारो कुटुंबं याच धक्क्यावरून अमेरिकेला गेली. परतताना वॉटर टॅक्सी घ्या, आधी बुक करून. छोटी पिवळी-काळी होडी, चालक भन्नाट हाकतो, इरास्मस पुलाखालून जाताना मी दोन्ही हातांनी बाक धरलं होतं.

पाऊण ते सव्वा तासाच्या बंदरसफरीबद्दल एक सांगून ठेवते. बंदर समुद्रापर्यंत चाळीसेक किलोमीटर पसरलं आहे आणि सगळ्यात मोठी कंटेनर जहाजं पार टोकाला, मासव्लाक्टेला लागतात. ती या सफरीत दिसत नाहीत. तरी गोद्या, क्रेनी आणि डागडुजीला आलेली जहाजं बघायला मजा येते. किंडरडाइक गावच्या १९ पवनचक्क्यांना उन्हाळ्यात बोटीने जा, अर्धा दिवस ठेवा.

शाकाहारी मंडळींनी वेस्ट-क्रॉइसकाडे हा रस्ता लक्षात ठेवावा. इथे सुरीनामी खानावळी आहेत. १८७३ पासून बिहार-उत्तर प्रदेशातून सुरीनामला नेलेल्या मजुरांची पुढची पिढी नेदरलँड्समध्ये आली, सोबत रोटी आली. पोळीत वाटलेली डाळ भरलेली असते, न गोड केलेल्या पुरणपोळीसारखी. बरोबर बटाटा आणि लांब शेंगांची भाजी. चिकन आणि अंडं नको हे आधी सांगा, नाहीतर ते ताटात येतंच. मिरचीची चटणी बाजूला मागा. मी थेट जेवणावर घेतली आणि नाकातून पाणी काढलं.

छत्री नेऊ नका, नदीवरचा वारा ती पहिल्याच पुलावर उलटी करतो. टोपीचं जाकीट न्या.