तुम्ही विचारलंत म्हणून: पियानोच्या गंजलेल्या तारांवर स्प्रे मारू का?

पावसाळा संपत आला की मुंबई-गोव्याकडून हा प्रश्न येतोच, 'तारांना गंज चढलाय, घरात डब्ल्यूडी-४० (गंज सोडवणारा तेलकट स्प्रे) आहे, मारू का?' नका हो मारू, प्लीज. दाराच्या बिजागरीला मारा, पियानोत ती नळी घालूच नका.

पियानोत सव्वादोनशेच्या आसपास तारा असतात, सगळ्यांचा मिळून ताण १५ ते २० टन, तो पेलते बिडाची प्लेट, पण तार सैल होऊ न देण्याचं काम ट्यूनिंग पिनांचं, म्हणजे तार गुंडाळून ताणायच्या लोखंडी खुंट्यांचं, आणि त्या पिना पिनब्लॉक नावाच्या जाड लाकडी फळीत निव्वळ घर्षणावर घट्ट असतात, नट नाही, गोंद नाही. तेल पिनेच्या कडेने झिरपून लाकडात मुरलं की पकड जाते, सूर टिकत नाही, आणि मुरलेलं तेल परत काढणं जवळपास अशक्य. तारेचा आवाज थांबवणाऱ्या डॅम्परचं फेल्टही ते पितं. खर्जाच्या तारांवर तांब्याची तार गुंडाळलेली असते, तिच्या फटीत तेल आणि धूळ बसली की आवाज मेलाच.

काच पुसायचा अमोनियावाला स्प्रे पण नको. ब्रिटिश सैन्याची काडतुसं इथे पावसाळ्यात तबेल्यांत ठेवायचे, पितळी पुंगळ्यांना आपोआप चिरा पडायच्या, घोड्यांच्या मुतातला अमोनिया त्याला कारणीभूत हे १९२१ मध्ये नीट उलगडलं. पियानोच्या ॲक्शनमध्येही, म्हणजे पट्टी दाबली की हातोडी हलवणाऱ्या यंत्रणेत, पितळ असतं. पेडल बाहेरून ब्रासोने उजळवा हवं तर, आत नको.

वरवरचा गंज असेल तर काम कोरडंच करायचं: आधी व्हॅक्यूम, मग ०००० नंबरचं (सगळ्यात बारीक) स्टील वूल हलक्या हाताने, त्याचा चुरा लगेच पुन्हा व्हॅक्यूमने ओढायचा, आणि तारेला उघडं बोट लावायचं नाही, घामातलं मीठ पुन्हा गंज आणतं. पिनेपाशी, वेढ्यात गंज असेल तर मात्र ट्यूनरलाच बोलवा. तिथे तार चिकटलेली असते, सरळ ताणली तर तुटते, म्हणून आम्ही आधी किंचित उतरवून ती सुटी करतो, मगच चढवतो. खड्डे पडलेली तार बदलायचीच.

आणि ते ओल शोषणारे प्लास्टिकचे डबे! त्यात बहुतेक वेळा कॅल्शियम क्लोराईड असतं, खाली साठतं ते खारं पाणी, सांडलं तर गंजाला आमंत्रणच. कपाटात ठेवा. पियानोत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि रंग बदलला की बदला.