स्लॉटच्या प्रतीक्षेत गेलेले साडेसहा तास : माझा अनुभव

चाकणच्या औद्योगिक वसाहतीत वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीचा मनुष्यबळ विभाग मी गेली नऊ वर्षे सांभाळते. डिप्लोमा आणि अभियांत्रिकीची मुले आम्ही दरवर्षी पुणे, सांगली, कराड या भागांतल्या महाविद्यालयांतून घेतो. त्या भरतीची रीत मला पाठ आहे : पत्र जाते, तारीख ठरते, सकाळी लेखी परीक्षा, दुपारी मुलाखती आणि संध्याकाळी निवडयादी. निर्यातीचे काम वाढू लागल्यावर संचालकांनी ठरवले की तीन जण देशातल्या पहिल्या फळीतल्या व्यवस्थापन संस्थेतून घ्यायचे. संस्था मोठी असली तरी रीत तीच असेल, अशी माझी समजूत होती आणि त्या समजुतीपायी आमचा एक अख्खा हंगाम गेला. संस्थेचे नाव मी लिहीत नाही.

नोंदणी, पदाचे वर्णन, विद्यार्थ्यांसमोर कंपनीची माहिती देणारे सादरीकरण ही कामे पंधरा दिवसांत उरकली. सादरीकरणाला साठेक मुले आली होती आणि त्यांनी विचारलेले प्रश्न इतके नेमके होते की आमच्या निर्यात विभागाचे प्रमुखही खूश होऊन परतले. अडले ते पुढे, स्लॉटपाशी.

अशा संस्थांत प्लेसमेंटचा बराचसा कारभार विद्यार्थ्यांचीच निवडलेली समिती पाहते. सगळ्या कंपन्यांना एकाच वेळी बोलावत नाहीत, त्यांना दिवस आणि तास वाटून देतात, आणि हाच तो स्लॉट. कंपनीने मागच्या वर्षांत किती मुले घेतली, यंदा किती घेणार, पगार किती, कामाचे स्वरूप काय आणि मुलांची पसंती कोणाला, यांवरून क्रम लागतो. सल्लागार कंपन्या, गुंतवणूक बँका, घरोघरी नाव पोहोचलेल्या ग्राहकोपयोगी वस्तूंच्या कंपन्या पुढे असतात आणि पहिल्यांदाच येणारा कारखाना मागे. ज्याला नोकरी मिळाली तो विद्यार्थी सहसा तिथेच प्रक्रियेबाहेर पडतो, त्यामुळे आधीच्या स्लॉटमध्ये जे उरतील त्यांच्याशीच पुढच्यांची गाठ पडते. अहमदाबादच्या आयआयएममध्ये सारख्या प्रकारच्या कंपन्यांचे गट करून ते काही दिवसांच्या अंतराने बोलावण्याची पद्धत आहे, आणि हातात एक नोकरी असतानाही पुढच्या गटातल्या मनाजोगत्या कंपनीकडे अर्ज करण्याची मुभा तिथे विद्यार्थ्याला मिळते. आम्ही गेलो त्या संस्थेत अशी सोय नव्हती.

स्लॉट ठरण्याआधी पगाराचा तक्ता भरून द्यावा लागतो. त्यात खात्रीने हातात पडणारी रक्कम वेगळी आणि सगळे निकष पूर्ण झाले तर मिळू शकणारी कमाल रक्कम वेगळी लिहायची असते. ही विभागणी योग्यच आहे, कारण नुसता ‘सीटीसी’चा, म्हणजे कंपनीला एका माणसामागे वर्षाला येणाऱ्या एकूण खर्चाचा, आकडा वाचून मुलांची फसगत होते. आमचा प्रश्न असा होता की निर्यातीच्या ऑर्डरवर दिला जाणारा प्रोत्साहन भत्ता पहिल्या वर्षापुरता आम्ही हमीने देणार होतो आणि तो कोणत्या रकान्यात धरायचा, हे समितीतले कोणीच ठामपणे सांगेना. मी अकरा वेळा फोन केला. दर वेळी फोनवर वेगळा विद्यार्थी असे, कोणाची परीक्षा चालू असे, कोणी विचारून कळवतो म्हणून पुन्हा फोन करत नसे. शेवटी तो भत्ता कमाल रकमेत गेला, खात्रीची रक्कम कमी दिसली आणि आम्हाला दुसऱ्या दिवसाचा शेवटून दुसरा स्लॉट मिळाला. तुमच्यावर ही वेळ आली तर अशा हमीच्या रकमेचे लेखी पत्र पहिल्याच दिवशी तक्त्याला जोडा आणि उत्तरही लेखीच मागा.

आम्हाला अकरा वाजता हजर राहायला सांगितले होते, प्रत्यक्षात पहिला उमेदवार साडेपाचला आत आला. मधले साडेसहा तास आम्ही तिघे एका वर्गखोलीत बसून होतो. टेबलावर आम्ही निवडलेल्या बावीस नावांचा कागद होता. दर अर्ध्या-पाऊण तासाने ब्लेझर घातलेली एक स्वयंसेवक मुलगी दार लोटून यायची, “मॅडम, आणखी दोन नावे गेली,” असे हळू आवाजात सांगायची आणि निळ्या पेनाने त्या नावांवर रेघ मारून जायची. चार वाजेपर्यंत तेरा रेघा झाल्या. ज्या मुलाचा अर्ज वाचून आमच्या निर्यात प्रमुखांनी त्याच्यासाठी कामही योजून ठेवले होते, त्याचे नाव पहिल्या तासातच गेले होते. त्या मुलीवर माझा राग नव्हता, तीही पहाटेपासून धावत होती. पण शेवटी मुलाखतीला चारच जण उरणार असतील, तर कंपनीला सकाळी अकरापासून बसवून ठेवण्याचे कारण मला आजही पटलेले नाही.

चारांपैकी तिसरा मुलगा सहाव्या मुलाखतीवरून थेट आमच्याकडे आला होता आणि त्याचा आवाज पूर्ण बसला होता. सकाळपासून काही खाल्ले नाही म्हणाला. आम्ही त्याला चहा-बिस्किटे दिली, दहा मिनिटे काही विचारले नाही आणि त्यानंतरची त्याची मुलाखत चौघांत सर्वांत चांगली झाली. तेव्हाच माझ्याकडून एक चूक घडली. आनंदाच्या भरात मी त्याला तिथेच सांगून टाकले की आम्ही तुला घेतो आहोत. निवड झाल्याचे विद्यार्थ्यांच्या समितीमार्फतच कळवायचे असा नियम असतो, त्यामुळे मला लेखी खुलासा द्यावा लागला आणि त्यात वीस मिनिटे गेली. तेवढ्यात आमची दुसरी पसंती दुसऱ्या कंपनीकडे गेली, कारण पगारात थोडी वाढ मंजूर करायला संचालक फोनवर मिळत नव्हते. निर्णयाचा अधिकार असलेला माणूस खोलीत असलाच पाहिजे. तीन जागांसाठी गेलो आणि एकाला घेऊन परतलो.

पुढच्या वर्षी मी मार्ग बदलला. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना उन्हाळी इंटर्नशिपसाठी घेण्याची निवड साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये होते, आणि एप्रिल ते जून या काळात ती मुले आठ-दहा आठवडे कंपनीत काम करतात. काम आवडले तर तेव्हाच नोकरीचा प्रस्ताव देता येतो, ज्याला मुले पीपीओ म्हणतात, आणि मग अंतिम प्लेसमेंटच्या रांगेची वाटच पाहावी लागत नाही. मोठ्या कंपन्या चांगली मुले आधीच कशी राखून ठेवतात, ते मला इथे उमगले. आम्ही पवईच्या आयआयएम मुंबईकडेही गेलो. ही संस्था १९६३ पासून ‘नीटी’ म्हणून ओळखली जाई, २०२३ मध्ये तिचे नाव बदलले. औद्योगिक अभियांत्रिकीची तिची परंपरा असल्याने तिथल्या मुलांना कारखान्याची भाषा समजावून सांगावी लागली नाही.

त्या उन्हाळ्यात दोन मुली आमच्याकडे आल्या. एकीने जर्मनीला जाणाऱ्या मालाच्या पॅकिंगचा खर्च आठ आठवडे शॉपफ्लोअरवर उभे राहून मोजला. तिला आम्ही जूनच्या शेवटच्या आठवड्यातच पत्र दिले, आणि त्यात पगाराची एकच रक्कम लिहिली, खात्रीची.