उजनी धरणावर रोहित (फ्लेमिंगो) बघायला जाताय? इंजिनाच्या धारेवर डोळा ठेवा

सोलापूरहून मोहोळ, मोडनिंब करत टेंभुर्णी, तिथून करमाळ्याच्या रस्त्याला लागून जेऊर, चिखलठाण आणि मग कुगावचा काठ. टेंभुर्णीपर्यंत हायवेच आहे. पुढे कारखान्यांच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्या फार, त्यामुळे अंधारात गाडी दामटू नका.

हिवाळा सरताना उजनीचं पाणी ओसरतं आणि काठाचा चिखल उघडा पडतो. रोहित, चित्रबलाक, पट्टकादंब हे पक्षी त्याच पट्ट्यात दिसतात. होडीच्या इंजिनाला मात्र हीच जागा सगळ्यात वाईट. रोहित वाकडी चोच उलटी बुडवून त्या गढूळ पाण्यातून शेवाळ नि बारीक जीव गाळून घेतो. इंजिनाचा पंप तेच पाणी ओढतो, पण गाळ त्याला गाळता येत नाही.

आम्ही गेलो त्या होडीला मागे लटकवायचं छोटं टू-स्ट्रोक इंजिन होतं. असल्या इंजिनाला रेडिएटर नसतो. खालच्या जाळीतून धरणाचं पाणी आत जातं, रबरी इंपेलर (पंपातलं पात्यांचं चाक) ते वर ढकलतो, इंजिन थंड करून ते बाहेर पडतं. त्यातली थोडी धार मागच्या बारीक भोकातून सतत उडत असते. थव्याकडे जाताना ती धार बारीक झाली आणि रंग जळाल्यासारखा वास आला. नावाडी मामांनी लगेच वेग उतरवला. धार तरी वाढेना, तेव्हा इंजिन बंद करून वर उचललं. जाळीवर शेवाळाचा लगदा आणि तुटक्या नायलॉन जाळ्याचे धागे गुंडाळले होते.

"वर गार पाणी मारू का?" माझ्या मित्राने विचारलं.

"नको की ओ! तापलेल्यावर गार पाणी पडलं तर तडकतंय. निवू द्या आधी."

जाळी साफ झाली. धारेच्या भोकात बारीक तार घातल्यावर गाळाची गुठळी निघाली. इंजिन पुन्हा चालू केलं, तरी धार रोडच आणि हाताला चटका बसेल इतकी गरम. बाहेरचा अडथळा काढूनही असं होत असेल तर दोष बहुधा पंपात. मामांनी तिथेच इंजिन बंद केलं आणि बांबूने होडी काठाला आणली.

काठावर खालचा भाग उतरवला. इंपेलरची पाती वाकून तशीच राहिली होती, एकाचं टोक तुटलं होतं. नवा इंपेलर त्यांच्या पेटीत होता, तरी तो बसवायची त्यांनी घाई केली नाही. तुटका तुकडा सापडेपर्यंत पाण्याची नळी तपासली, कारण तो वर अडकून राहिला तर नवा इंपेलरही उपयोगाचा नाही. मग पिंपात पाणी भरून चाचणी घेतली. कोरडं इंजिन थोडा वेळ जरी चालवलं तरी रबर जळतं. मला या माणसाच्या कामाचं फार कौतुक वाटलं.

तुमची स्वतःची होडी असेल तर आणखी थोडं. इंपेलर चांगला असूनही इंजिन तापत असेल तर थर्मोस्टॅट (पाणी ठराविक तापलं की उघडणारी झडप) काढून तापत्या पाण्यात सोडा. उघडला नाही तर बदला. तो काढून टाकून इंजिन तसंच चालवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, इंजिन नीट तापतच नाही आणि मग नीट जळतही नाही. ऑइल कमी पडलं तरी इंजिन तापतं. बऱ्याच टू-स्ट्रोक इंजिनांना लिटरभर पेट्रोलला २० मिली ऑइल लागतं, पण आपल्या इंजिनाचं पुस्तक बघूनच मिसळा. पुढे जास्त माणसं बसली की मागची बाजू उचलते आणि जाळी हवा ओढते, हेही लक्षात असू द्या.

भाड्याची होडी असेल तर बसण्याआधी इंजिन चालू करून धार दाखवायला सांगा. थव्याच्या बऱ्याच अलीकडे इंजिन बंद करून बांबूने पुढे न्यायला सांगा. पंप वाचतो आणि पक्षीही उठत नाहीत. धरण मायनसमध्ये गेल्यावर, म्हणजे वापरायचा साठा संपून पाणी मृतसाठ्यात उतरल्यावर, बुडालेल्या गावांच्या भिंती आणि झाडांची खोडं वर येतात, तेव्हा इंजिनाच्या होडीने आत शिरूच नका.

लाइफ जॅकेट प्रत्येकाच्या अंगावर हवं. मे २०२४ मध्ये याच कुगाव आणि पलीकडच्या कळाशीच्या मध्ये वादळी वाऱ्यात बोट उलटून सहा जण गेले. इंजिन बंद पडलेली होडी वाऱ्यात आडवी होते, म्हणून बांबू किंवा वल्ही नसलेल्या होडीत पाय ठेवू नका. सकाळी लवकर जा आणि दुपारचा वारा सुटायच्या आत काठाला या.