भाषण सगळ्यात शेवटी

नववी-दहावीच्या वर्गात 'मौखिक संवादाचे प्रकार' हा घटक आला की फळ्यावर एक तक्ता उतरतो. औपचारिक, अनौपचारिक. दोघांतलं बोलणं, गटातलं, समुदायापुढचं. त्याखाली संभाषण, चर्चा, वादविवाद, मुलाखत, निवेदन, भाषण. मुलं तो एका तासात पाठ करतात, पेपरात जसाच्या तसा उतरवतात आणि गुण मिळवतात. तेच मूल दुसऱ्या दिवशी शेजारच्या वर्गात साधा निरोप सांगायला गेलं की दारातच अडखळतं, अर्धं सांगतं, अर्धं विसरतं.

मी भाषा शिकवते. हा घटक मला मनापासून आवडतो, म्हणूनच त्याचा असा तक्ता झालेला बघवत नाही. बोलण्याचा प्रकार ठरतो तो ऐकणाऱ्यावरून, असं माझं ठाम मत आहे. त्यामुळे फळ्यावर मी एकच प्रश्न लिहिते : समोरच्याला मध्येच काही विचारता येतं का? गप्पांमध्ये येतं. फोनवर येतं, पण चेहरा दिसत नाही. चर्चेत येतं, पण आपली पाळी मिळवावी लागते. मुलाखतीत एकानं विचारायचं, दुसऱ्यानं सांगायचं, हे आधीच ठरलेलं असतं. ध्वनिक्षेपकावरच्या सूचनेत आणि भाषणात समोरचा अडवू शकत नाही. याच क्रमानं शिकवलं तर ऐकणाऱ्याची एकेक सोय कशी कमी होत जाते आणि बोलणाऱ्याची जबाबदारी कशी वाढत जाते, हे मुलांना आपोआप उमगतं.

सुरुवात दोन खुर्च्यांनी करते. पाठीला पाठ लावून दोघांना बसवायचं. एकाच्या हातात आकृती : पाच-सहा आयत, कुठे टोकाला टोक लागलेलं, कुठे एखादा तिरका. दुसऱ्याकडे कोरा कागद. पहिल्या फेरीत काढणाऱ्यानं एक शब्दही बोलायचा नाही, 'हं'सुद्धा नाही. सांगणारा उत्साहात सुरू करतो : "एक आयत काढ. आता त्याच्या खालच्या कोपऱ्याला दुसरा चिकटलाय." काढणारीची पेन्सिल थांबते. खालचे कोपरे दोन आहेत. सगळ्या वर्गाला तिचा गोंधळलेला चेहरा दिसतो, फक्त सांगणाऱ्याला दिसत नाही, आणि तो तिसऱ्या आयताकडे वळलेलासुद्धा असतो. दुसऱ्या फेरीत वेगळी आकृती आणि प्रश्नांना पूर्ण मोकळीक. "थांब, चिकटलाय म्हणजे बाजूला बाजू की टोकाला टोक?" "टोकाला टोक. आणि जरा कललाय." "किती?" "घड्याळाचा काटा दहावर असतो ना, तितका." हे घड्याळ त्याला पहिल्या फेरीत सुचलं नव्हतं. तिनं विचारलं म्हणून सुचलं. दोघांचे कागद शेजारी शेजारी फळ्याला लावले की मला फार काही बोलावं लागत नाही.

हा खेळ माझ्या डोक्यातून आलेला नाही. हॅरॉल्ड लीविट आणि रोनाल्ड म्यूलर या संशोधकांनी १९५१ साली अशाच भौमितिक आकृत्या घेऊन प्रयोग प्रसिद्ध केला होता. प्रश्न विचारायची मुभा वाढत गेली तशी आकृत्यांची अचूकता वाढली, काढणाऱ्यांचा आत्मविश्वास वाढला, वेळ मात्र जास्त लागला. प्रश्नच विचारता येत नव्हते तेव्हा माणसं चिडत होती, अशीही त्यात नोंद आहे. तो चिडचिडेपणा माझ्या वर्गातही दिसतो आणि मी तो दाबत नाही. "तुला नीट सांगताच येत नाही!" असं काढणारी मुलगी फणकाऱ्यानं म्हणते, तेव्हा घरात, मित्रांत, वर्गात होणाऱ्या कितीतरी भांडणांचं मूळ तिथं सगळ्यांसमोर उघडं पडलेलं असतं.

त्यानंतर फोन. आजकालची मुलं बोलण्यापेक्षा मेसेज पाठवणं पसंत करतात, अनोळखी माणसाला फोन करायचा म्हटलं की कित्येकांच्या पोटात गोळा येतो. म्हणून हा भाग मी सोडत नाही. पारंपरिक टेलिफोनच्या लाइनवरून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला तेवढ्या कंपनांचे, एवढेच ध्वनी जातात. 'स'चा बराचसा जोर त्याच्या वर असतो, त्यामुळे लाइनवर 'स' आणि 'फ' यांची गल्लत होते. म्हणजे चूक ऐकणाऱ्याच्या कानाची नसते, अक्षराचा निम्मा ऐवज वाटेतच गळालेला असतो. हे कळलं की "काय? काय?" असं पुन्हा पुन्हा विचारणाऱ्यावर वैतागणं थांबतं. मग नाव सुटं करून सांगणं, आकडे दोन-दोनच्या गटात सांगणं आणि समोरच्याकडून परत वदवून घेणं, याचा सराव. एकानं भिंतीकडे तोंड करून निरोप सांगायचा, दुसऱ्यानं तो शब्दशः परत म्हणायचा. परत म्हटल्याशिवाय निरोप पोचला असं धरायचं नाही.

परत म्हणून दाखवणं मुलांना सुरुवातीला बालिश वाटतं. तेव्हा मी विमानांचं सांगते. रेडिओवर वैमानिक नऊसाठी 'नाइन' न म्हणता 'नाइनर' म्हणतात, 'फाइव्ह'चं 'फाइफ' करतात, कारण खरखरीत हे दोन्ही आकडे सारखे ऐकू येतात. आणि मग स्पेनच्या टेनेरीफ बेटावरचा विमान अपघात. २७ मार्च १९७७, धुकं, एकाच धावपट्टीवर दोन जंबो विमानं, ५८३ मृत्यू. कारणं अनेक होती, त्यांतलं एक बोलण्यातलं होतं. एका विमानातून "वी आर नाऊ ॲट टेकऑफ" असा संदेश गेला. विमान धावू लागलं होतं, नियंत्रकाला मात्र ते जागेवर थांबून आहे असं वाटलं. मग त्यानं थांबायला सांगितलं, पण नेमक्या त्याच क्षणी दुसऱ्या विमानातूनही कुणी बोललं आणि दोन्ही आवाज एकमेकांवर आदळून कॉकपिटमध्ये कर्कश शिटी तेवढी पोचली. त्यानंतर रेडिओवरच्या बोलण्याचे नियम कडक झाले. 'टेकऑफ' हा शब्द उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरायचा, एरवी नाही. हे सांगून झालं की परत म्हणून दाखवायला वर्गात कुणी कुरकुरत नाही.

निवेदनावर फार वेळ घालवत नाही. 'उद्याचा सराव रद्द' हा एकच निरोप मित्राला, मुख्याध्यापकांना आणि ध्वनिक्षेपकावरून सगळ्या शाळेला द्यायला लावते. मित्राला "उद्या प्रॅक्टिस नाहीये रे" पुरतं. मुख्याध्यापकांना कारण सांगावं लागतं. ध्वनिक्षेपकावर आधी लक्ष वेधून घ्यावं लागतं, वार आणि वेळ दोनदा सांगावी लागते, कारण दुसऱ्या मजल्यावरच्या मुलाला "काय म्हणालात?" असं विचारायची सोय नसते.

गटचर्चा मात्र मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि शाळेत सगळ्यात वाईट शिकवली जाते तीही हीच. सहा जणांना गोलात बसवून विषय दिला, की झाली चर्चा असं आपण धरून चालतो. खरं तर तिथं तिघं बोलतात, तिघं बघतात. हे का होतं? दहा भाषांमधल्या संभाषणांचा एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंतचा वेळ सरासरी सुमारे २०० मिलिसेकंद होता. सेकंदाचा पाचवा भाग! एखादा शब्द मनात जुळवून तोंडावर आणायलाच याहून जास्त वेळ लागतो, म्हणजे समोरचा बोलत असतानाच आपण आपलं वाक्य तयार करत असतो. जे मूल आधी पूर्ण ऐकतं आणि मग विचार करतं, त्याचं वाक्य तयार होईपर्यंत पाळी दुसऱ्याकडे गेलेली असते. अशा मुलाला आपण 'अबोल' म्हणून मोकळे होतो, तेव्हा मला वाईट वाटतं. त्याच्याकडे सांगण्यासारखं नसतं असं नाही, त्याला जागा मिळत नाही.

म्हणून गोलाबाहेर एक निरीक्षक बसतो. त्याच्या कागदावर सहा ठिपके. कुणी कुणाच्या बोलण्याला उत्तर दिलं की त्या दोन ठिपक्यांमध्ये रेघ. दहा मिनिटांनी तीन ठिपक्यांमध्ये रेघांचं जाळं झालेलं असतं आणि एखादा ठिपका सुटा राहिलेला असतो. तो कागद मधोमध ठेवायचा आणि कुणालाही न रागावता पुन्हा चर्चा सुरू करायची. गेल्या वर्षी एक मुलगा निरीक्षक होता. पुढच्या फेरीत तो स्वतः गोलात बसला आणि सगळ्यांच्या गलक्यात हात वर करून म्हणाला, "थांबा, तिला काहीतरी बोलायचंय." ती बोलली. तिचा मुद्दा इतर सगळ्यांच्या विरुद्ध होता आणि त्यापुढे चर्चा खऱ्या अर्थानं सुरू झाली. त्या मुलाला मी पूर्ण गुण दिले, त्यानं स्वतःचा एकही मुद्दा मांडला नसताना.

यात शिक्षकाचं बोलणंही आलं. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेनं १९७०च्या दशकात वर्गांमधल्या ध्वनिमुद्रणांवरून दाखवलं, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात. हा वेळ तीन सेकंदांवर नेला की उत्तरं लांबतात, जास्त मुलं बोलू लागतात, मुलं स्वतः प्रश्न विचारू लागतात. तीन सेकंदांची शांतता वर्गात किती मोठी वाटते ते करून बघितल्याशिवाय कळत नाही.

मुलाखतीसाठी माझा नियम एवढाच : पहिला प्रश्न लिहून आणायचा, दुसरा लिहून आणायचा नाही, तो पहिल्याच्या उत्तरातून निघाला पाहिजे. ग्रंथपालांची मुलाखत घेताना एकानं विचारलं, "तुम्हाला वाचायला आवडतं का?" त्या म्हणाल्या, "आवडायचं, हल्ली वेळ होत नाही." यादीतला पुढचा प्रश्न आवडत्या लेखकाचा होता. पण तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "पुस्तकांमध्येच बसता, तरी वेळ होत नाही?" पुढची दहा मिनिटं त्या मनापासून बोलत होत्या.

एवढं झाल्यावर भाषण. आपल्याकडे बोलणं शिकवायचं म्हणजे भाषण शिकवायचं, असं समीकरण आहे, आणि त्यातही निबंध पाठ करून म्हणायचा. निबंध डोळ्यांसाठी असतो, वाचणाऱ्याला मागच्या ओळीवर जाता येतं. ऐकणाऱ्याला जाता येत नाही. १९९० साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन यांनी लोकांना टेबलावर टिचक्या मारून ओळखीच्या गाण्यांचा ठेका वाजवायला लावला. निम्मी गाणी तरी ओळखली जातील असा वाजवणाऱ्यांचा अंदाज होता. १२० गाण्यांपैकी ओळखली गेली ३. वाजवणाऱ्याच्या डोक्यात पूर्ण गाणं चालू असतं, ऐकणाऱ्यापर्यंत फक्त टकटक पोचते. हा प्रयोग मुलं बाकावर करतात आणि भाषणाबद्दलचं निम्मं शिक्षण तिथंच होतं.

इथं एक गोष्ट आवर्जून सांगते. संवादकौशल्याच्या कार्यशाळांत 'शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के, बाकी आवाज आणि देहबोली' हे वाक्य सर्रास ऐकवलं जातं. हे आकडे ज्यांवरून आले ते मानसशास्त्रज्ञ ॲल्बर्ट मेहराबियन यांचे १९६७ सालचे प्रयोग भावना आणि पसंती-नापसंती व्यक्त होण्यापुरते होते. सगळ्याच बोलण्याला ते लागू नाहीत, असं खुद्द त्यांनीही स्पष्ट केलं आहे. मुलांनी हे आकडे खरे मानले तर ती हातवारे घोटत बसतील आणि मुद्द्यांकडे दुर्लक्ष करतील.

माझ्या वर्गात भाषण कार्डावरच्या चार शब्दांवरून करायचं. संपल्यावर ऐकणाऱ्या प्रत्येकानं 'मला काय कळलं' ते एका ओळीत चिठ्ठीवर लिहून द्यायचं. वक्ता त्या चिठ्ठ्या वाचतो, त्या आठवड्यात तेच भाषण पुन्हा करतो आणि गुण दुसऱ्या वेळचे धरले जातात. वेळापत्रकात यासाठी जागा काढताना ओढाताण होते, पण प्रत्येकाचं एकदा पाच मिनिटं ऐकण्याऐवजी दोन-दोन मिनिटं दोनदा ऐकलं की तेवढ्याच तासिकांमध्ये सगळा वर्ग बसतो.