गारुडी म्हणता, मग साप कुठाय?

हातचलाखीचे खेळ करणारा मी स्वतःला गारुडी का म्हणवतो, हे तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. माझ्या फलकावर ‘जादूगार’ नसतं, ‘गारुडी’ असतं. परभणी-जिंतूरकडं शाळेत खेळ लावला की पोरं पेटीत डोकावतात आणि गुरुजी हळूच विचारतात, “गारुडी म्हणता, मग साप कुठाय?”

साप नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं सापाचे खेळ बंद झाले, आणि नसते झाले तरी मी काही टोपलीत हात घातला नसता. पण प्रश्न रास्त आहे, कारण शब्दात साप नसला तरी सापाचा वैरी आहे: गरुड. विष उतरवायचा मंत्र तो गारुडमंत्र, तो जाणणारा संस्कृतात गारुडिक. म्हणजे हा मुळात वैद्याच्या पंगतीतला माणूस. (उतारा मागायला कुणी माझ्याकडं येऊ नका. साप चावला तर थेट सरकारी दवाखाना, लस तिथंच मिळते.)

वैद्याचा खेळवाला कसा झाला? विष उतरवणाऱ्याला साप धरता आला पाहिजे, आणि धरलेल्या सापाभोवती गर्दी जमणारच. बाजाराच्या दिवशी पूर्वी जे गारुडी बसत, त्यांची खरी करामत पुंगीत नव्हतीच. साप डोलतो तो पुंगीच्या हलण्यावर. करामत होती बोलण्यात. “आता मुंगूस सोडतो, आता सोडतो,” म्हणत लोकांना उभं धरायचं, मधेच ताईत आणि मुळ्या विकायच्या. मुंगूस खुंटीला बांधलेलंच राहायचं! मी रुपया अंगठ्याच्या मुळाशी दाबून धरतो आणि रिकाम्या मुठीकडं टक लावून बघतो, तेव्हा तुम्हीही तिकडंच बघता. धंदा तोच.

पैठणच्या नाथांनी हे बरोबर हेरलं होतं. सोळाव्या शतकात रस्त्यावरचा जोशी, वासुदेव, गोंधळी त्यांनी भारुडात आणला, तसा गारुडीही आणला. मायेचा खेळ समजावून सांगायला याच्याइतका हक्काचा माणूस दुसरा कोण मिळणार? एखाद्या गळ्याचं ‘गारूड’ पडलं असं आपण आजही म्हणतो, तेव्हा विष उतरत नसतं, चढत असतं. शब्द पार उलटा फिरलाय.

मग सरळ ‘जादूगार’ का नाही, हा पुढचा प्रश्न. जादू फारसीतून आली, पण तिचं जुनं नातं वेदातल्या ‘यातु’शी, यातुधान म्हणजे चेटूक करणारे राक्षस. ‘मदारी’ त्यापेक्षा बरा, तो उत्तर प्रदेशातल्या मकनपूरच्या शाह मदार या सूफी संताच्या फकिरांवरून आलेला. पण आमच्याकडं मदारी म्हटलं की लोक माकड शोधतात. सापाचं उत्तर निदान मला पाठ आहे.