भरतीला तुटणारी लिंक

जयगडच्या खाडीपलीकडच्या एका शाळेला इंटरनेट देण्यासाठी आम्ही 5.8 गिगाहर्ट्झची सहा किलोमीटरची बिनतारी लिंक उभारली. एका सड्यावरची डिश पाण्यापासून 40 मीटर उंच होती आणि शाळेकडची 30 मीटर. मध्यावर फ्रेनेल क्षेत्राची, म्हणजे दोन डिशमधल्या सरळ रेषेभोवती मोकळ्या ठेवाव्या लागणाऱ्या जागेची, त्रिज्या नऊ मीटरच्या आत येत होती, त्यामुळे होडीची डोलकाठीसुद्धा आड येणार नव्हती. हिशेबाने उणे 62 डीबीएम सिग्नल अपेक्षित होता (डीबीएम हे सिग्नलच्या ताकदीचे माप; उणे आकडा जितका मोठा, तितका सिग्नल क्षीण). डिश आधी आडवी, मग उभी, केसाकेसाने फिरवत मी उणे 61 पर्यंत आणली आणि मगच नट आवळले. त्या कामाचा मला आजही अभिमान आहे.

पंधरवड्यातच शाळेची तक्रार आली की, भर शाळेच्या वेळेत अर्धा-पाऊण तास लिंक बंद पडते. आमच्या नियंत्रण कक्षातून दुपारी कोणीतरी पाहायचे, लिंक सुरू दिसायची आणि ‘शाळेतील वीजपुरवठ्यातील दोष’ असा शेरा मारून तक्रार बंद व्हायची. असे तीनदा घडले. जागेवर न जाता तक्रार मिटवण्याची ही पद्धत मला मुळीच मान्य नाही. पण मीही तो शेरा खरा मानला होता. मुख्याध्यापक फोनवर शांतपणे म्हणाले, “साहेब, वीज गेली असती तर पंखे थांबले असते.”

मी गेलो, तेव्हा त्यांनी वही पुढे केली. पहिल्या दिवशी 10:45, दुसऱ्या दिवशी 11:25, तिसऱ्या दिवशी 12:10, अशा वेळा त्यांनी टिपल्या होत्या. पुढे काही दिवस नोंद नव्हती आणि अमावास्येच्या सुमारास त्या पुन्हा सुरू झाल्या होत्या. रोज पाऊण तास पुढे सरकणारी वेळ कोकणात वाढलेल्या माणसाला ओळखता यायला हवी होती. ती उधाणाची भरती होती. भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या, दिवसांत पाणी तेवढे चढत नसे, म्हणून तक्रारही नसे.

दुसऱ्या दिवशी मी मास्टखाली, म्हणजे डिशच्या खांबाखाली, लॅपटॉप घेऊन बसलो. पाणी चढू लागले तसा सिग्नल उणे 64, उणे 70, उणे 78 असा घसरत गेला आणि उणे 86 वर लिंक तुटली. थेट येणारी लहर आणि खाडीच्या पृष्ठभागावरून परावर्तित होऊन येणारी लहर एकमेकींना खोडत होत्या. या दोन मार्गांच्या लांबीत सुमारे 40 सेंटिमीटरचा फरक होता आणि तरंगलांबी जेमतेम पाच सेंटिमीटर. पाणी मीटरभर चढले तरी हा फरक जवळजवळ अर्ध्या तरंगलांबीने बदलत होता, म्हणजे एकमेकींना जुळणाऱ्या लहरी खोडू लागत. दोन्ही किरणांमधला कोन एका अंशाहूनही कमी असल्याने डिश दोन्ही पकडतच राही, म्हणून ती वर कलवून उपयोग झाला नाही. चॅनेल, म्हणजे वारंवारता, थोडी बदलली, तर बंद पडण्याची वेळ फक्त थोडी सरकली.

अखेर शाळेच्या मास्टवर पहिल्या डिशच्या दोन मीटर खाली दुसरी डिश बसवली, पलीकडे तिची जोडीदार उभी केली आणि एक लिंक पडताच दुसरीवर वाहतूक जाईल अशी व्यवस्था लावली. पुढच्या उधाणाला वरची डिश उणे 85 वर गेली, तेव्हा खालची उणे 59 दाखवत होती. दुसऱ्या जोडीचा खर्च मंजूर करून घेण्यातच तीन आठवडे गेले होते; तेवढ्या काळात उधाणाच्या दिवसांत मुले पडद्यासमोर थांबून राहत होती.

तक्रारींच्या नोंदीत मात्र अजूनही शाळेच्या विजेचाच दोष लिहिलेला आहे. तो शेरा दुरुस्त करावा म्हणून मी दोनदा लेखी कळवले, तिसरे पत्र काल दिले आणि त्याला मुख्याध्यापकांच्या वहीच्या पानांची छायाप्रत जोडली.